चेतकची पाती कोणत्या बाजूला फिरतात?

आपल्या भागात विमान म्हटले की बीदरचा तळ आणि सूर्यकिरणची विमाने आठवतात. हेलिकॉप्टर करजगीत दिसते ते बहुधा निवडणुकीत. माझे थोरले मावसभाऊ मात्र हवाई दलात चेतक हेलिकॉप्टरवर मेकॅनिक होते. काचबिंदूमुळे आता त्यांना दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात बोलता बोलता म्हणाले, "चेतक एकदा हाताला लागलं असतं तर बरं झालं असतं." म्हणून मी त्याचे प्लॅस्टिकचे किट आणून जोडले. मंडळातल्या दोघातिघांनी हे कसे करतात असे विचारले, त्यांच्यासाठी हा लेख.

चेतक म्हणजे मूळचे फ्रान्सचे अल्युएट-३. ते १९५९ साली प्रथम उडाले. १९६२ मध्ये परवान्याचा करार झाला आणि बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये जुळणी झालेले पहिले चेतक १९६५ मध्ये उडाले. चालकासह सात माणसे बसतात. इंजिन एकच, वर तीन पाती. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे. (आमच्या शाखेत चेतक म्हटले की स्कूटरचे कर्ज, तो भाग वेगळा.)

किट सोलापुरात मिळेना, शेवटी भाच्याने पुण्याहून पाठवले. प्रमाण १:७२. हा आकडा मला विचित्र वाटला होता, पण हिशेब सोपा आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणजे सहा फुटी माणूस मॉडेलमध्ये एक इंचाचा. खऱ्या चेतकच्या पात्यांचा व्यास सुमारे ११ मीटर, तो मॉडेलमध्ये जेमतेम १५ सेंटिमीटर होतो.

सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. ते पिळून तोडू नयेत, नेलकटरने कापावेत आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासावा. जोडायला मॉडेलचे खास सिमेंट लागते. ते प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून थेंबभरच लावायचे. समोरच्या काचेला मात्र ते लावू नये. फेव्हिक्विकही नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते आणि चेतकचा पुढचा भाग म्हणजे जवळजवळ सगळी काचच. तिथे आपला साधा फेव्हिकॉल. वाळला की दिसत नाही.

दुसरी अडचण तोलाची. चेतकला पुढे एक आणि मागे दोन चाके. मॉडेलची शेपटी लांब, त्यामुळे ते मागे बसते आणि पुढचे चाक हवेत राहते. पुढे वजन घालावे तर सगळे काचेतून दिसणार. भीमेवर मासे धरणाऱ्या एकाकडून जाळ्याचे शिसे आणले, ठोकून पातळ केले आणि पुढच्या सीटखाली दडवले. हे काच बसवण्याआधीच करायचे, नंतर हात जात नाही.

पाती शेवटी. तिन्हींमध्ये १२० अंश हवेत, म्हणून कागदावर कोनमापकाने रेघा मारून त्यावर ठेवून चिकटवली. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने थोडी खाली झुकलेली असतात. किटमधली सरळ होती, ती गरम पाण्यात बुडवून हलकेच वाकवली. मी खूश होतो.

दादांच्या हातात दिले. त्यांनी आधी चाके चाचपली, मग दार, मग शेपटी. पात्याच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवले आणि थांबले. "अरे, ही उलटी लावलीस की रे."

मला कळेना. त्यांनी समजावले. पात्याची एक कड जाड, गोलसर असते, दुसरी पातळ. जाड कड पुढे राहून हवा कापते. फ्रेंच हेलिकॉप्टरची पाती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात, अमेरिकेच्या बेलची उलट दिशेने. म्हणजे नाकाच्या दिशेला असलेल्या पात्याची जाड कड उजवीकडे हवी. माझी डावीकडे होती, तिन्ही पाती पालथी. वर पाती एकीकडे फिरली की खालचा सांगाडा दुसरीकडे फिरू पाहतो, त्याला रोखायला शेपटीचा छोटा पंखा. "मोठा पंखाच उलटा, मग छोट्याने काय करायचं?" असे म्हणून हसले.

बँकेत एक रुपयाचा फरक निघाला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो. इथे तीन पाती चुकली आणि मला दिसलेच नाही. सिमेंटने जोडलेले सुटत नाही, त्यामुळे बारीक करवतीने पाती मुळाशी कापावी लागली. एक तडकले. ते आतून तार घालून सांधले, पुन्हा वाकवले, पुन्हा रेघांवर ठेवले. आठ दिवस गेले.

दुसऱ्या खेपेला दादांनी कडा तपासल्या आणि काही बोलले नाहीत. नंतर बराच वेळ इंजिनाच्या जागी बोट ठेवून कुठला नट कुठल्या पान्याने खोलायचा ते सांगत बसले. मॉडेल आता त्यांच्या उशाशी असते. डाव्या दारावर माझ्या बोटाचा ठसा सिमेंटने उमटला आहे, तो अजून त्यांच्या हाताला लागलेला नाही.