मित्र शुद्धीवर येत नसेल तर

पार्टीत एखादा जास्त प्यायला की ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून त्याला एकटं सोडलं जातं. धोका नेमका इथेच असतो. पिणं थांबल्यावरही पोटातली दारू काही वेळ रक्तात मिसळत राहते. शुद्ध हरपलेल्याला धड खोकता येत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

हाका मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी असतील, ओठ-नखं निळसर पडली असतील किंवा झटके येत असतील, तर लगेच १०८ वर फोन करा. तोवर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, डोकं किंचित मागे करा आणि श्वासावर लक्ष ठेवा. श्वास थांबलाच तर छातीवर दाब देणं सुरू करा.

लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी दारू उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं. बेशुद्ध माणसाला काही पाजू नका, उलटी करवू नका. त्याने गोळ्या घेतल्या असतील किंवा दुसरी नशा केली असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, पाकीट दाखवा. घरच्यांच्या रागाला भिऊन फोन लांबवू नका.