सिकलसेल : पत्रिका नको, रक्त तपासा!

छावणीत सोयरीक जुळवताना ‘स्थळ विदर्भाचं, सिकलसेल तर नाही ना?’ अशी शंका निघते. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये हा आजार जास्त आढळतो. तो कुणाच्या रक्ताचा कमीपणा नाही. सिकलसेलचे एकच जनुक मिळालेल्या बाळाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशात अशी बाळे जास्त जगली, म्हणून जनुक पिढ्यानपिढ्या टिकले. हीच नैसर्गिक निवड. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली आणि ते त्याच समूहात फिरत राहिले. बाबासाहेबांनी १९१६ मध्येच जातीचे मूळ या विवाहपद्धतीत दाखवले होते.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. मात्र दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा.