ट्राम नसलेल्या रुळांवरून

वाचकहो, आपल्यापैकी जे झाडीपट्टीत वाढले, त्यांना हे नव्याने सांगावयास नको. धान घरात आले की साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावांतून नाटकांचे दिवस सुरू होतात. शंकरपटाच्या निमित्ताने मंडप पडतो, घरोघरी पाहुणे उतरतात आणि पहाटेपर्यंत जागरण घडते. त्या एका रात्रीत प्रेक्षक विनोदी पात्राला पोट धरून हसतो आणि पुढच्याच प्रवेशाला डोळे टिपतो. हसू आणि रडू यांच्यामध्ये भिंत असते, असे या प्रेक्षकाला कधी वाटलेच नाही. म्हणूनच ज्या काहीशा विक्षिप्त जपानी चित्रपटांविषयी आज लिहावयाचे आहे, ते आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना परके वाटणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

अकिरा कुरोसावा यांचा ‘डोडेस्काडेन’ हा चित्रपट १९७० चा, त्यांचा पहिला रंगीत चित्रपट. उकिरड्याच्या कडेला वसलेल्या एका वस्तीत रोकुचान नावाचा मुलगा राहतो. आपण ट्रामचालक आहोत, अशी त्याची पक्की समजूत. तो न दिसणाऱ्या ट्रामची तपासणी करतो, देखभाल नीट झाली नाही म्हणून कुरकुरतो आणि तोंडाने चाकांचा आवाज काढीत मोकळ्या जागेतून धावू लागतो. हा आवाज म्हणजेच चित्रपटाचे नाव. गल्लीतील पोरे त्याला वेडा म्हणून दगड मारतात. घराच्या भिंती त्याने काढलेल्या ट्रामच्या चित्रांनी झाकून गेल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये बसून त्याची आई देवापुढे आळवणी करते आहे. गंमत अशी, की मुलगाही तिच्या शेजारी बसून प्रार्थना करतो, ती आईसाठी! त्याच्या दृष्टीने काळजी करण्याजोगी तीच आहे.

या प्रसंगाला आपण हसतो, आणि तेवढ्यात हसू ओठांवरच थांबते. स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना हे थांबणे ओळखीचे वाटेल. ‘बाबा, तुम्हाला निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, कसली कचेरी?’ असे आपण दिवसातून दहादा समजावतो. समजावून आपण थकतो, ते दुखावतात आणि सायंकाळी पुन्हा चपला घालून दाराशी उभे राहतात. अशा वेळी वाद घालण्याऐवजी ‘कचेरीत कोण कोण असायचे?’ असे विचारून पाहावे. बोलता बोलता पावले पुष्कळदा अंगणापर्यंतच जाऊन परततात. मात्र ज्यांना बाहेर भटकण्याची सवय लागली आहे, त्यांच्या खिशात घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे.

हीच वाट मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’मध्ये चोखाळली. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी यात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. रस्त्यात हत्ती दिसतो आणि हे चक्रपाणी शास्त्री लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. घरचे शोधून शोधून हवालदिल होतात. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना जेवू घालते, आणि ते तिलाच आई मानू लागतात. शास्त्रीबुवा कोण, किती विद्वान, हे तिला ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच तिला ते जमते. आपल्याला मात्र ‘पूर्वीचे बाबा’ सारखे आठवत राहतात. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार नसता, तरीही ही भूमिका विसरता आली नसती.

आता एका चित्रपटाविषयी थोडे सविस्तर, कारण त्याचा आपल्या मातीशी संबंध आहे. नाओमी कावासे यांचा ‘आन’ २०१५ मध्ये आला. आन म्हणजे लाल चवळीसारख्या आझुकी दाण्यांचे गोड पुरण. कर्जात आणि भूतकाळात रुतलेला सेंतारो एका टपरीवर पुरण भरलेल्या दोरायाकी विकतो. शहात्तर वर्षांची तोकुए त्याच्याकडे काम मागते. तिची बोटे वाकडी आहेत. तो नकार देतो. पण तिने आणलेले पुरण चाखतो आणि विरघळतो. पहाटे दोघे पुरण शिजवतात. तोकुए पातेल्यावर वाकून दाण्यांचे म्हणणे ऐकते. पुरणपोळीचे पुरण घोटलेल्या कोणत्याही आजीने हा प्रसंग पाहावाच. ‘घाई करू नकोस’ हे ती सुनेला किती वर्षे सांगत आली असेल!

टपरीपुढे रांग लागते. मग कुजबुज होते, की म्हातारीला कुष्ठरोग होता. रांग नाहीशी होते. रोग केव्हाच बरा झालेला असतो. पण जपानमध्ये रुग्णांना वसाहतींत कोंडून ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत रद्द झाला नव्हता. आपण विदर्भातील माणसांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. बाबा आमटे यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावे लागले, ते घरांनी दारे लावून घेतली होती म्हणूनच. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनी कुष्ठरोग बरा होतो, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्वचेवर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लपवू नये, तपासून घ्यावा. बरे झालेल्या माणसाच्या हातचे खावे की नाही, हा प्रश्न तर वैद्यकाचा नाहीच.

हे चित्रपट पाहताना एक अडचण येईल. भाषा जपानी आणि खालची अक्षरे बारीक. नातवंडांपैकी एखाद्याने शेजारी बसून मराठीत सांगत जावे. झाडीपट्टीत लहानांना मांडीवर घेऊन नाटक समजावणाऱ्यांचे ते देणे आहे, असे म्हणा ना. चित्रपट एका बैठकीत संपविण्याचा आग्रह नको. दुपारच्या चहानंतर अर्धा तास पुरे. ‘अस्तु’ मात्र आजारी व्यक्तीला दाखविण्याआधी शुश्रूषा करणाऱ्यांनी एकट्याने पाहावा. ज्याची स्मृती नुकतीच निसटू लागली आहे, त्याला तो आरसा सोसेलच असे नाही. ‘आन’पासून आरंभ करावा. घरात कोणाला पथ्य नसेल, तर त्या दिवशी वाटीभर पुरण करून ठेवावे.