लोअर केलेली गाडी आणि फाटका बूट

परभणीत एखाद्याने गाडी लोअर करून घेतली की ओळखीचे सगळे एकच इशारा देतात: स्पीडब्रेकरला घासेल. घासतेच. पण घासलेला बंपर दिसतो, त्याला रंग मारता येतो. खरा घोळ पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला होतो, जिथे कोणी वाकून बघत नाही. गिअरबॉक्समधून चाकाला ताकद नेणारा शाफ्ट तिथे येतो आणि त्याच्या टोकावर रबराचा एक घड्याघड्यांचा बूट चढवलेला असतो. हा बूट काही शे रुपयांचा. तो फाटल्याचं वेळेवर कळलं नाही, तर मात्र खर्च हजारांत जातो.

मराठवाड्यातले जुने मिस्त्री काळी-पिवळी जीपवर तयार झाले. जीपची ताकद मागच्या चाकांना जाते आणि मधल्या लांब शाफ्टला दोन्ही टोकांना 'क्रॉस' असतो. निपलमधून अधूनमधून ग्रीसगन मारली की काम झालं. क्रॉसला एक खोड आहे. कोनात फिरताना तो एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. मागच्या शाफ्टला दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही खोड झाकून टाकतो. ज्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना जाते, तिची ती चाकं मात्र ओढतातही आणि वळतातही, त्यामुळे तिथे हा हिसका थेट स्टीअरिंगवर येईल. आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात यावर तोड काढली. एका वाटीत सहा पोलादी गोळ्या अशा बसवल्या, की शाफ्ट कितीही वाकला तरी त्या दोन्ही बाजूंच्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात. त्यामुळे आत जेवढा वेग, तेवढाच बाहेर. हाच सीव्ही जॉइंट. अँबॅसेडर आणि पद्मिनीला त्याची गरज नव्हती, कारण त्या मागच्या चाकांवर चालायच्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तो आपल्या गॅरेजांत शिरला.

या जॉइंटला निपल नसतो. मॉलिब्डेनम मिसळलेलं काळं ग्रीस कारखान्यात एकदाच भरतात आणि ते जागेवर ठेवण्याची सगळी जबाबदारी त्या बुटावर. बुटाला चीर पडली की फिरत्या शाफ्टच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच चिरेतून धूळ-पाणी आत शिरतं. उरलेल्या ग्रीसमध्ये धूळ कालवली की गोळ्यांना पॉलिश पेपर मिळाल्यासारखं होतं.

आता लोअरिंगचं बघू. स्प्रिंग आखूड केली तरी चाक जमिनीवर जागच्या जागीच असतं. खाली येतो तो गिअरबॉक्स. बहुतेक गाड्यांत मूळ उंचीला शाफ्ट गिअरबॉक्सकडून चाकाकडे थोडा उतरता असतो. गाडी इंचभर खाली आली तर उलट तो सरळ होतो. म्हणून 'लोअर केली की जॉइंट मेलाच' हे कट्ट्यावरचं विधान मला मान्य नाही. पण दोन-अडीच इंच खाली गेलं की शाफ्ट चाकाकडे चढता होतो, बूट एका अंगाने कायम दाबलेला राहतो आणि घड्या एकमेकींवर घासतात. हॅचबॅकचं चाक किलोमीटरमागे पाचशेच्या वर फेरे घेतं, म्हणजे शंभर किलोमीटरला पन्नास हजारांवर घासण्या. त्यात स्टीअरिंग पूर्ण काटून खड्ड्यात उतरलं, तर कोन आणखी वाढतो. रबर आधी घडीच्या तळाशी तडकतं, म्हणून वरून बघणाऱ्याला बूट धडधाकटच वाटतो. बाजारातली बरी स्प्रिंग न घेता मूळची स्प्रिंग ग्राइंडरने कापली किंवा गॅसने तापवून बसवली, तर स्प्रिंगचाही भरवसा गेला. हे काम करून देणारे आहेत, यात शंका नाही. करून घेऊ नये, यातही नाही.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण मिरवतो. लोअरिंग स्प्रिंगसाठी नावाजलेल्या आयबाख आणि एच अँड आर या दोन्ही कंपन्या जर्मनीच्याच, पण त्यांच्या स्प्रिंगा तिथल्या रस्त्यांच्या हिशोबाने घडल्या. आपल्याकडे खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा डांबरी थर लाटांसारखा वर-खाली होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. गावच्या वेशीवरचे ब्रेकर हे माप विचारून बांधलेले नसतात. साधारण १६-१७ सेंटीमीटरची मोकळी जागा लोअरिंगने ११-१२ वर आणली आणि मागे चार माणसं बसली, की प्रमाणातल्या ब्रेकरवरूनही जीव मुठीत धरून जावं लागतं. हंगामात पाथरी-गंगाखेडच्या रस्त्यांवर ट्रॉलीतून पडलेला ऊस असतो. शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यावर तुराट्या आणि पळाट्यांची टोकं वर आलेली असतात. उंच गाडीखालून ती निघून जातात, लोअर केलेल्या गाडीच्या बुटात घुसतात. आणि काळा चिखल तर घड्यांमध्ये बसून वाळला की दगडासारखा टणक होतो.

बूट फाटल्याची पहिली खूण आवाजाची नसते. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि शॉकअपवर काळ्या ग्रीसचे फवारे दिसतात. या टप्प्यावर गाडी गॅरेजला नेली तर जॉइंट बहुधा वाचतो. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण काटून हळू गोल फिरवताना कटकट ऐकू आली, तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट झिजलेला आहे. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरत असेल तर संशय आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर घ्यावा. कटकट सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून काही होत नाही. ग्राहक पैसे वाचले म्हणून खूश होतो आणि थोड्याच दिवसांत परत येतो.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाईची नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, घोडी लावून घ्या. शाफ्ट काढताना गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं, ते मोजून परत भरायला हवं. शाफ्ट एका टोकावर लोंबकळत ठेवला तर आतला जॉइंट निखळू शकतो. जॉइंट धुऊन, पूर्ण सुकवून गोळ्यांच्या वाटांवर खड्डे पडलेत का ते बघावं. पडले असतील तर जॉइंटच बदलावा. ग्रीस बुटासोबत आलेलं, सांगितलं तेवढं सगळं भरावं; तिथे चेसिसचं साधं ग्रीस चालत नाही. सर्क्लिप, पट्ट्या आणि चाकाचं मधलं नट नवं. छोटी पट्टी आवळण्याआधी बुटात कोंडलेली हवा काढावी, नाहीतर घड्या फुगतात किंवा आत ओढल्या जातात. शाफ्ट न काढता चिकटवायचा दोन फाकांचा बूट मिळतो. तो गावापर्यंत पोचायला ठीक, वर्षभरासाठी नाही. लोअर केलेल्या गाडीत आणखी एक तपासणी हवी: गाडी चाकांवर उतरवून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण काटून बूट कशाला घासतो का ते बघायचं. हे जॅकवर कळत नाही, कारण तिथे चाक लोंबकळतं आणि शाफ्टचा कोनच वेगळा असतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो, तो वेगळाच.

बूट एकदा फाटला तर दोष रबराचा असू शकतो. त्याच बाजूचा बूट थोड्या काळात पुन्हा फाटला तर तिसरा आणायला जाऊ नका. मूळची स्प्रिंग घरात पडली असेल तर ती परत बसवा. ती कापून टाकली असेल तर नवी घ्या. ज्यांना गाडी खालीच ठेवायची आहे त्यांनी निदान पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ती वर चढवून बुटाची प्रत्येक घडी बोटाने उघडून बघावी.