ब्रह्मदंडी की उत्कंटक? निर्णय आपल्याच बागेत

वनौषधींच्या बाजारात ‘ब्रह्मदंडी’ या नावाने मागणी नोंदविली असता हाती नेमके कोणते द्रव्य येईल, याची शाश्वती देता येत नाही. महाराष्ट्रात या नावाने प्रामुख्याने ट्रायकोलेपिस ग्लॅबेरिमा ही वनस्पती ओळखली जाते. कन्नड भाषेत मात्र उत्कंटकासही ब्रह्मदंडे म्हणतात, तर तमिळमध्ये ब्रह्मदंडु म्हणजे पिवळा धोत्रा. यांपैकी शेवटचा घोटाळा केवळ गुणहानीचा नाही. पिवळ्या धोत्र्यात सँग्विनारिन हे विषारी द्रव्य असते. त्याच्या बियांच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाल्याने 1998 साली दिल्लीत शोथाची घातक साथ उद्भवली होती.

ओल्या वनस्पतीत हा भेद सहज कळतो. उत्कंटकाची (एकायनॉप्स एकिनॅटस) पाने खंडित व काटेरी असून त्यांची खालची बाजू कापसासारख्या पांढऱ्या लवेने आच्छादलेली असते. पुष्पगुच्छ चेंडूसारखा गोल असून त्यातून लांब काटे बाहेर डोकावतात. ट्रायकोलेपिस जवळजवळ लवरहित असते. पिवळा धोत्रा मोडताच पिवळा चीक स्रवतो. परंतु वाळलेल्या मुळांच्या तुकड्यांत यांपैकी एकही खूण उरत नाही. म्हणूनच प्रत्येक औषधी निर्मात्याने खात्रीच्या उत्कंटकाचा एक वाफा स्वतःच्या बागेत राखावा, असे आम्हांस वाटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रोपवाटिकांत ‘ग्लोब थिसल’ या नावाने मिळणारी निळ्या फुलांची शोभेची झाडे बहुधा एकायनॉप्स रिट्रो अथवा बॅनॅटिकस या जातींची असतात. त्या युरोपातील बहुवर्षायू उद्यानांची शोभा होत. त्यांना आपले औषधी द्रव्य मानू नये. आपल्या उत्कंटकाचे बी माळरानावरील फुलोऱ्यावर आलेल्या झाडाची ओळख पटवूनच घ्यावे.

शतावरी, अडुळसा यांसारख्या बहुवर्षायू वनस्पतींच्या बागेत उत्कंटकास पाणी साचणार नाही अशी, पूर्ण उन्हाची, मुरमाड कडेची जागा द्यावी. सोटमूळ खोल जात असल्याने स्थलांतर त्यास मानवत नाही. म्हणून पावसाळ्याच्या प्रारंभी बी जागेवरच पेरावे व दोन रोपांत सुमारे दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. भरघोस खत व वारंवार पाणी देण्याचे कारण नाही. पावसाळा सरल्यावर येणाऱ्या फुलोऱ्यावर मधमाश्या मोठ्या संख्येने येतात. बी पक्व होताच, गळून पडण्यापूर्वी, जाड हातमोजे घालून काही गुच्छ काढावेत व काही झाडावरच राहू द्यावेत. शेजारच्या शतावरीसारखे हे झाड वर्षानुवर्षे टिकेल असे गृहीत धरू नये. वाफा कायम राहतो तो पुनःपुन्हा पडणाऱ्या बियांमुळे.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळांचे ग्रहण ग्रीष्म अथवा शिशिर ऋतूत सांगितले आहे. शिशिरापर्यंत बी तयार होत असल्याने हा नियम येथे दुहेरी लाभाचा ठरतो. मूळ उपटले की झाड संपते. बी पडण्याआधीच ते उपटले तर पुढील वर्षीचे पीकही संपते.

प्रत्येक हंगामात फूल, पान व मूळ यांसह एक संपूर्ण झाड दाबून, वाळवून, दिनांक व स्थळ लिहून जतन करावे आणि खरेदी केलेला माल त्याच्याशी ताडून पाहावा. देयकावरील नाव ही द्रव्याची ओळख नव्हे. रुग्णास औषध देण्याचे उत्तरदायित्व आपले आहे; ते व्यापाऱ्याच्या गोणीवर सोपविता येणार नाही.