ट्रॅक्टर घेताना हप्त्याला भुलू नका

सभासद बंधूंनो, उसाचे बिल खात्यावर पडले की घरोघर नव्या ट्रॅक्टरची चर्चा सुरू होते. शिवारफेरीत आम्ही विचारतो, "केवढ्याला पडला?" उत्तर येते ते हप्त्याचे. व्याजासकट किती, म्हटले की गप्प!

परवा एका सभासदाने कोटेशन दाखवले. कर्ज ५ लाख, मुदत ५ वर्षे, सहामाही हप्ता, व्याज 'फक्त १० टक्के'. पण हे व्याज फ्लॅट. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी आकारणी शेवटपर्यंत पुऱ्या ५ लाखांवर. व्याजच होते अडीच लाख. तेच १० टक्के घटत्या शिलकेवर असते, तर सारख्या हप्त्यांनी सुमारे १ लाख ४७ हजार ५०० झाले असते. लाखाचा फरक! आणि आमचे पाव्हणे दोन दिवस भांडत होते कशासाठी, तर हूड फुकट मिळावे म्हणून.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ चा ५ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये तो तपासा. विमा विक्रेत्याकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेर दर काढा. पासिंगसह सगळा खर्च लेखी मागा, तोही दोन-तीन ठिकाणी. पाडव्याला ट्रॅक्टर दारात यावा ही हौस आम्हालाही कळते, पण गिऱ्हाईक घाईत आहे हे दुकानदारालाही कळते.

त्या सभासदाने अजून सही केलेली नाही. तुमचेही कोटेशन असेल तर सहीआधी गट ऑफिसला घेऊन या, बसून आकडेमोड करू.