कालवाच्या पिल्लाची शिदोरी

आजचा भाग जरा खारट आहे. विषय आहे कालवं. कोकणातल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, खडकाला घट्ट चिकटून राहणारा हा शिंपल्यातला जीव म्हणजे ऑयस्टर. पण आज कालवं खायची कशी ते नाही, त्यांना खायला काय द्यायचं ते बोलू. तेही हॅचरीत ज्यांच्यापासून पुढची पिढी घ्यायची, त्या आईबापांना.

हॅचरीवाले हंगामाची वाट बघत बसत नाहीत. युरोपसारख्या थंड भागात ते ऐन थंडीत मोठी कालवं टाकीत आणतात, पाणी हळूहळू १८ ते २२ अंशांपर्यंत नेतात आणि काही आठवडे नीट खाऊ घालतात. कालवांना वाटतं उन्हाळा आला! मग त्यांच्या शरीरात अंडी आणि शुक्राणू तयार व्हायला लागतात.

खाऊ म्हणजे सूक्ष्म शैवाल. डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पतीच म्हणा. कालव पाणी आत ओढतं, कल्ल्यांवर ते गाळतं आणि अडकलेलं शैवाल खातं. हे शैवाल हॅचरीतच पिशव्यांत, टाक्यांत वाढवावं लागतं आणि ते स्वस्त नसतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २००४ च्या हॅचरी मार्गदर्शिकेनुसार, बीज पाच मिलिमीटरचं होईपर्यंतच्या खर्चातला सुमारे ४० टक्के भाग एकट्या शैवालावर जातो. म्हणून मनात येतंच, की आईबापांच्या खाण्यात थोडी काटकसर केली तर काय बिघडलं?

बिघडतं. कसं ते सांगतो.

अंड्यातून वाढणाऱ्या जिवाला सुरुवातीला तोंडच नसतं. कवच यायचं, पोहायला लागायचं, खायची सोय व्हायची, हे सगळं आईनं अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतं. त्या शिदोरीतला महत्त्वाचा ऐवज म्हणजे स्निग्धांश, साध्या भाषेत चरबी. अंडं तयार होताना आई उपाशी असेल, तर डबा अर्धाच भरणार.

याबद्दलचा मला आवडलेला प्रयोग वेल्समधल्या कॉनवी इथला. हेल्म, हॉलंड आणि स्टीफनसन यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपातलं चपटं कालव आपली पिल्लं काही दिवस स्वतःच्या शिंपल्यातच सांभाळतं आणि मग बाहेर सोडतं. संशोधकांनी समुद्राच्या पाण्यातल्या आयांना वरून जास्तीचं शैवाल दिलं आणि पिल्लं कशी निघतात ते पाहिलं. ज्या आयांना जास्तीचं खाणं मिळालं, त्यांची पिल्लं जोमदार निघाली. बाहेर पडताना पिल्लाच्या अंगात साठलेली चरबी आणि त्याचा जोम यांचा संबंधही दिसला.

मग काय, पोटभर शैवाल ओतायचं? इथेच गंमत आहे. मघाशी सांगितलेल्या मार्गदर्शिकेतला हिशोब असा: कालवाच्या सुक्या मांसाचं वजन धरा आणि त्याच्या २ ते ४ टक्के सुकं शैवाल रोज द्या. म्हणजे ५० कालवं आणि प्रत्येकाचं सुकं मांस १ ग्रॅम, तर ३ टक्क्यांनी रोज दीड ग्रॅम. ६ टक्क्यांच्या वर मात्र जायचं नाही. कारण मग कालव स्वतःच वाढायला लागतं, अंड्यांचा त्यात फायदा होत नाही. खाऊन आई गुटगुटीत, पण डबा तेवढाच!

आणि किती यापेक्षाही, काय देताय ते बघा. कालवाला डीएचए आणि ईपीए ही ओमेगा-३ आम्लं लागतात, पण ती स्वतः बनवण्याची ताकद त्याच्यात फारच कमी. ती खाण्यातूनच यावी लागतात. आयसोक्रायसिस नावाच्या शैवालात डीएचए चांगलं असतं, किटोसेरॉसमध्ये ईपीए. डुनालिएलामध्ये दोन्ही जवळजवळ नाहीत. नुसत्या डुनालिएलावर ठेवलेलं कालव उपाशी दिसणार नाही, पण अंड्यात जायला हवं ते जाणार नाही. म्हणून जाणते हॅचरीवाले दोन-तीन शैवालं मिसळून देतात. आपल्याकडे नुसता भात न वाढता वरण, भाजी, मासळी वाढतात ना, तसंच.

चांगलं अंडं म्हणजे सगळं जमलं असंही नाही हं. पिल्लाला पुढे स्वतःचं खाणं, स्वच्छ पाणी, योग्य तापमान लागतंच, आणि जिवाणू घुसले तर जोमदार पिल्लंही मरतात. पण शिदोरी कमी पडली तर फटका लगेच दिसत नाही. तो काही आठवड्यांनी दिसतो, दुसऱ्याच टाकीत, पिल्लं पटापट मरायला लागल्यावर. तेव्हा सगळे पाणी तपासतात, औषध शोधतात. आईला काय खायला दिलं होतं, हे विचारायचं राहून जातं.

आणि कॉनवी काही आपल्याला परकं नाही बरं का. शैवाल वाढवायच्या पोषक द्रावणाचा एक प्रकार आजही ‘कॉनवी मीडियम’ म्हणूनच ओळखला जातो. तमिळनाडूत तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं खाण्याच्या कालवांचं आणि मोत्यांच्या शिंपल्यांचं बीज हॅचरीत तयार करून दाखवलं. तिथल्या हॅचरीतही तेच द्रावण वापरात आलं.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी मत्स्यशास्त्र शिकत असेल, किंवा घरच्या खाडीत कालवं वाढवायचा विचार करत असेल, तर हॅचरीतून बीज घेताना भावाच्या आधी एक प्रश्न विचारा: ‘आईबापांना कुठलं शैवाल देता?’ उत्तर पटकन आलं, दोन-तीन नावांसकट आलं, तर समजा माणूस कामाचा आहे. भेटू पुढच्या भागात!